प्रत्येक अणू चुंबक नसतो

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला एमआरआयवरचा लेख आवडला. पण ‘शरीरातील प्रत्येक अणू छोट्या चुंबकासारखा वागतो’ हे त्यातले वाक्य दुरुस्त करायला हवे. शरीरातला जवळजवळ सगळा कार्बन हा कार्बन-१२ असतो आणि ऑक्सिजन हा ऑक्सिजन-१६. केंद्रकाला छोट्या चुंबकासारखे वागवणारा गुणधर्म म्हणजे स्पिन; या दोघांच्या केंद्रकाचा स्पिन शून्य. कितीही शक्तिशाली चुंबकात ठेवा, त्यांच्याकडून संदेश येत नाही. एमआरआयचे चित्र उमटते ते पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनमुळे. त्याचा स्पिन १/२ आहे.

पदवीच्या वर्गाला मी वर्षानुवर्षे स्पेक्ट्रोस्कोपी शिकवली. तिच्यातली एनएमआर ही पद्धत एमआरआयच्याच तत्त्वावर रेणूची रचना ओळखते; तिच्या आलेखात संदेश रेषांच्या रूपात दिसतात. मुले ‘एन अधिक एक’ (शेजारी एन अणू, तर रेषा एन अधिक एक) हा नियम पाठ करून येतात आणि सरसकट लावतात. एनएमआरसाठी पदार्थ बहुधा ड्यूटेरियमयुक्त (ड्यूटेरियम म्हणजे जड हायड्रोजन) क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवतात. कार्बन-१३ या स्पिन असलेल्या विरळ कार्बनच्या आलेखात ७७ पीपीएमपाशी (पीपीएम हे आलेखावरच्या जागेचे माप) या द्रावकाच्या सारख्या उंचीच्या तीन रेषा दिसतात. कार्बनला ड्यूटेरियमचा अणू एकच, मग रेषा दोनच हव्यात ना, असे मुले हमखास विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे! मूळ सूत्र असे: अणूंची संख्या गुणिले स्पिनची दुप्पट, अधिक एक. ड्यूटेरियमचा स्पिन १, म्हणून रेषा तीन. स्पिन १/२ घातला, की याच सूत्राचे ‘एन अधिक एक’ होते.

स्पिन कसा असेल, हे प्रोटॉन-न्यूट्रॉन मोजून कळते. दोन्ही सम असतील तर शून्य. दोन्ही विषम असतील तर पूर्णांक: नायट्रोजन-१४चा १, बोरॉन-१०चा ३. एक सम, एक विषम असेल तर विषम संख्येचा अर्धा: कार्बन-१३चा १/२, सोडियम-२३चा ३/२, ऑक्सिजन-१७चा ५/२. नेमका आकडा मात्र कोष्टकातूनच घ्यावा.

१९५१मध्ये अमेरिकेत इथेनॉलच्या हायड्रोजनचे तीन वेगळे संदेश दाखवणाऱ्या शोधनिबंधाच्या तीन लेखकांत डॉ. एस. एस. धर्मट्टी होते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी एनएमआरचे काम उभे केले. त्याच महाराष्ट्रात हा विषय निव्वळ पाठांतरावर उरकला जातो, याचे फार वाईट वाटते. परीक्षेत प्रश्नपत्रिकेसोबत स्पिनचे कोष्टक द्यावे आणि ड्यूटेरियमवर एक तरी उदाहरण विचारावे, अशी अभ्यास मंडळांना विनंती आहे.

– एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापिका, सांगली