चित्रं काढायची नोकरी नव्हे

माल्मो, स्वीडन, ८ मार्च

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मी नुसती "हो हो" करते, म्हणून हे पत्र. थंडी आता तेवढी नाही. जेवते वेळेवर. आई, कांदा-लसूण चटणी अजून अर्धी बरणी शिल्लक आहे, एवढ्यात पाठवू नकोस.

बाबा, तुम्हाला वाटतं तसं गेम डिझायनर चित्रं काढत नाही. चित्रं काढणारे वेगळे, कोड लिहिणारे वेगळे. दादाची ती मारिओची कॅसेट आठवते? १९८५ सालचा खेळ. सुरू होताच समोरून एक प्राणी चालत येतो, उडी मारली नाही तर मेलात. उडी मारा असं कुठंच लिहिलेलं नसतं, तरी सगळे शिकतात. ते आधी बेतून ठेवणं म्हणजे डिझाइन.

आता खरं सांगते. मी सध्या टेस्टर आहे. फोनवर "गेममध्ये लागले" एवढंच म्हणाले होते. परवा एकाच दारावर तीनशे वेळा धडका मारल्या, कुठून आरपार जाता येतं का बघायला. हसू नका, बरेच डिझायनर याच दारातून आत आलेत.

जानेवारीत ग्लोबल गेम जॅमला गेले होते, म्हणजे ठरलेल्या वेळात नवा खेळ बनवायचा मेळावा. ४८ तासांत चौघांनी मिळून एक खेळ केला: मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून डोक्यावर सतारीचा भोपळा घेऊन जायचं, धक्का लागला की तडा. गल्ली मी मांडली, नुसत्या राखाडी ठोकळ्यांची. खेळून बघायला बसवलेला मुलगा एका वळणावर अकरा मिनिटं अडकला. अशा वेळी आपण तोंड उघडायचं नसतं. मी हात मांडीखाली दाबून बसले. मग दुकानाचा दिवा डावीकडून उजवीकडं नेला, आणि पुढचे सगळे न सांगता तिकडंच वळले. ते आमच्या लीडनं, म्हणजे टीमच्या प्रमुखानं, पाहिलं. आता आठवड्यातला एक दिवस मला लेव्हल डिझाइनला, म्हणजे खेळातल्या अशा जागा मांडायला, मिळतो.

आई, मी रविवारी कपडे का धूत नाही, तर इथं घरात मशीन नाही. तळघरात सगळ्या बिल्डिंगची मिळून एक धुलाईखोली असते, त्वेत्स्तूगा. बाहेर तारखांचा फळा, त्याला भोकं. आपल्या फ्लॅटचा नंबर असलेलं बोटाएवढं कुलूप हव्या त्या भोकात लावलं की ती वेळ आपली. रविवार केव्हाच गेलेले असतात. ड्रायरच्या जाळीतला कापूस काढायचा राहिला तर दारावर चिठ्ठी लागते, खाली नाव नाही. लिहिणारा दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटून गोड हसत असणार. मलाही एक लागली, हळदीच्या डागाबद्दल. तो माझाच होता.

नोकरकपातीचं तुम्ही पेपरात वाचलंत ते खोटं नाही. पण आत्याला सांगा, माइनक्राफ्ट हा खेळ याच देशातल्या एका कंपनीचा. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी अडीचशे कोटी डॉलरना घेतली. पोरखेळाला एवढे कोण देतं?

या महिन्यात वीसच हजार पाठवलेत, घराचं डिपॉझिट भरावं लागलं. पुढच्या हप्त्याला भरून काढते. माझा करार ऑगस्टपर्यंत आहे, वाढवतील असं म्हणतात. बाबा, पतसंस्थेतली ठेव मोडू नका. मोडली असेल तर मला सांगा तरी.

ताईच्या लग्नाला येणं जमेलसं दिसत नाही. तिकिटं तीनदा बघितली. आई, रुखवतात माझ्या नावानं काहीतरी ठेव. आणि त्या पुण्याच्या मुलाकडं टेस्टर म्हणूनच सांग, डिझायनर नको.

तुमची,
ऋता

ता. क. बाबा, खेळात तारा जुळवण्याचा जो आवाज आहे तो तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओतला, खालच्या कारखान्यातल्या चाचांचा. त्यांना विचारायचं राहिलं. तुम्ही विचाराल का?