सोमवारच्या तासाचे प्रश्न

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अद्भुत आणि विज्ञानपटांच्या भव्य लाटेने मुले वास्तवापासून तुटत चालली आहेत, असा सूर आपल्या रविवारच्या अंकातील लेखात आहे. मी तीस वर्षे मुंबईतल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवले. असा एखादा चित्रपट लागला की त्याचा खरा परिणाम थिएटरात दिसत नाही, तो सोमवारी पहिल्या तासाला वर्गात दिसतो. म्हणून हे पत्र.

२०१४ मध्ये ‘इंटरस्टेलर’ हा अंतराळप्रवासाचा चित्रपट लागला होता. त्यात कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावर वेळ फार हळू सरकतो. नववीतल्या शेवटच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलाने विचारले, ‘‘बाई, तिकडे एक तास म्हणजे इकडे सात वर्षं, हे खरंय की थापा?’’ मला नीट उत्तर देता आले नाही. रात्री पुस्तके धुंडाळली आणि मंगळवारी फळ्यावर दोन घड्याळे काढली. गुरुत्वाकर्षण जास्त तिथे घड्याळ हळू चालते, हे आइन्स्टाइनचे सांगणे. मोबाइलवरचा नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो, ते वीस हजार किलोमीटर उंचीवर आहेत. तिथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून त्यांचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही चूक आधीच दुरुस्त केलेली असते. नसती, तर दिवसाला दहाएक किलोमीटरचा घोळ झाला असता. माणूस गिरगावात आणि नकाशा त्याला शीवला दाखवतोय! ‘‘म्हणजे बाबांच्या टॅक्सीत आइन्स्टाइन बसलाय,’’ तो म्हणाला. वर्ग हसला, पण मला ते वाक्य आजही धड्यापेक्षा चांगले वाटते. या चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांना २०१७ मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा कॉलेजात गेलेल्या त्याच मुलाचा मला फोन आला.

आता दुसरी बाजूही सांगते. अवकाशातल्या लढाया पडद्यावर कानठळ्या बसवतात. निर्वातात आवाज पोहोचत नाही, हे दाखवायला हंडीतली घंटा आणि निर्वात पंप पुरतो. आमच्या शाळेतला पंप मी रुजू झाले तेव्हाही बंद होता आणि निवृत्त झाले तेव्हाही. त्यामुळे ‘पोरांनो, तो आवाज खोटा बरं का’ असे नुसते तोंडाने सांगायचे. तो दणदणाट एकीकडे आणि बाईंचा बसलेला घसा दुसरीकडे, मुले कोणाचे ऐकणार? दोष चित्रपटाचा की पंपाचा?

‘अवतार’ आल्यावर त्यातले जग खरे नाही म्हणून परदेशात काही प्रेक्षक उदास झाल्याच्या बातम्या २०१०च्या सुमारास आल्या होत्या. आमच्या मुलांना तेवढी सवड नसते, बाहेर पडताच लोकल पकडायची असते. मात्र त्या चित्रपटातल्या चमकत्या रानासारखी पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात कुजक्या लाकडावरची बुरशी खरोखर अंधारात उजळते, हे त्यांना सांगा. डोळे किती मोठे होतात ते पाहा.

प्रेक्षक भारावतात ही काही आजची गोष्ट नव्हे. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर आला की लोक पायांतल्या चपला काढून हात जोडत, असे सांगतात. आणि फाळके स्वतः कोण होते? गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून झपाटलेले प्रेक्षकच. पुढे भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून ती क्षणभरात पडद्यावर दाखवली. ती चमत्कृती होती आणि विज्ञानही होते. आपल्या लेखात फाळक्यांचा उल्लेखही नसावा, याचे गिरगावकर म्हणून वाईट वाटले.

लहानग्यांना रात्रीच्या खेळाला नेऊन रडवणाऱ्या पालकांबद्दल लेखकाशी मी शंभर टक्के सहमत आहे. चित्रपटाच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर आता ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे छापलेले असतात, ते तिकीट काढताना बघायला काय हरकत आहे?

आपल्याकडे एक मागणे आहे. दर शुक्रवारच्या चित्रपटाने किती कोटी कमावले हे आपण सोमवारी ठळक छापता. त्याशेजारी चार ओळींची चौकट द्या, यातले खरे किती आणि रचलेले किती, एवढेच. पहिला प्रश्न मीच पाठवते, तो आमच्या चाळीतल्या पाचवीतल्या मुलाचा आहे: डिंकात अडकलेल्या डासाच्या पोटातल्या रक्तापासून डायनासोर खरंच तयार करता येईल का? मी त्याला ‘नाही’ म्हणून सांगितले आहे. पण त्याचे वडील म्हणतात, बाईंना काय कळतंय, पेपरात कुठे आलंय तसं?

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, गिरगाव, मुंबई