सूचना: जुलैमध्ये जॉन म्यूर ट्रेलला जाणाऱ्यांसाठी

मंडळी, खाली दरीत कडक ऊन असलं तरी कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या खिंडींत, त्यातही उत्तरेकडच्या उतारांवर, जुलैतही बर्फ असू शकतो. या वाटेवरची फॉरेस्टर पास ही खिंड तर १३,१५३ फुटांवर आहे. खिंड सकाळी लवकर गाठा. रात्री गोठलेल्या बर्फावर मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोटे लोखंडी काटे) नीट धरतात. दुपारी तोच बर्फ भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत आत जातो आणि खाली खडक असला तर घोटा गेलाच. तीव्र उतारावर आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) हवी, पण सराव करून. सॅकला शोभेपुरती लटकवलेली घसरताना कामाला येत नाही.

मला खरी भीती बर्फापेक्षा ओढ्यांची वाटते. दिवसभर वितळलेलं पाणी संध्याकाळी चढतं, म्हणून मोठे ओढे सकाळीच ओलांडा. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, बूट मात्र काढू नका. वाटेतल्या इव्होल्यूशन क्रीक या ओढ्याला पाणी जास्त दिसलं तर वरच्या कुरणातून ओलांडा, तिथे प्रवाह संथ असतो. ओढ्यावर पातळ झालेल्या बर्फाच्या पुलांवर विसंबू नका.

गॉगल, सनस्क्रीन (नाकपुड्यांच्या आतही लावा, हसू नका) आणि एक दिवसाचं जादा खाणं घ्या. निघण्याआधी आपला मार्ग आणि परतीची तारीख ग्रुपवर टाका.