समोर येऊन बसलेल्या बाईंना

बाई, सप्रेम नमस्कार.

लिहायला बसलं की अजून गळा दाटून येतोय, तरी आज लिहितेच.

माझी लेक डावरी. तिच्या आधीच्या बालवाडीत कात्री डाव्या हातात घेतली की काढून उजव्या हातात कोंबायचे. कापता यायचं नाही, मग ‘हिला जमत नाही’ असा शेरा. कापायचं काम मोठ्यांनी उरकायचं, मुलांनी नुसता डिंक फासायचा. ती तिथे असतानाच्या दसऱ्याला भिंतीवर आपट्याची पानं फार देखणी लागली होती. त्यातलं एकही पान कुणा मुलानं कापलेलं नव्हतं. प्रदर्शन पालकांसाठी होतं, मुलांसाठी कुठे होतं?

मग ती तुमच्या बालवाडीत आली आणि तुम्ही तिच्या हातात पाच इंची, गोल टोकाची, डावखुऱ्यांची कात्री दिलीत. साधी कात्री डाव्या हातात धरली की दाबताना पाती एकमेकांपासून फाकतात, कागद मधे दुमडतो, आणि वरचं पातं नेमकी रेषाच झाकतं. पोरीचा हात चांगलाच होता, हत्यार उलटं होतं. हे आम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल तर तुम्ही.

पण कात्री काय, विकत मिळते. मला विसरता येत नाही ते दुसरंच. तुम्ही तिच्या शेजारून उठलात आणि समोर मांडी घालून बसलात. तुमची कात्री उजव्या हातात, तिची डाव्या. आरशात बघावं तसं तुमचं बघून ती करायला लागली. अंगठा वर, कोपर बरगडीला टेकलेलं, कागद धरणाऱ्या हाताचाही अंगठा वरच. ‘हात बदल’ असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. बाकीच्या पोरांना इथे काही वेगळं चाललंय याचा पत्ताही लागला नाही. एवढंसं उठून बसणं, बाई, पण त्या दिवसापासून ती स्वतःहून कात्री मागते.

आणि घाई कशाची नाही! जूनमध्ये तर कागद नव्हताच. कणकेच्या वळ्या कापायच्या, कपड्यांचे चिमटे डब्याच्या कडेला लावायचे, म्हणजे बोटांत उघड-मीट करायचं बळ येतं. बेंदराला मातीच्या बैलांपुढे टाकायचा चारा मुलांनीच कापला, तोही जुन्या लग्नपत्रिकांचा. दीड-दोन सेंटीमीटर रुंद पट्ट्या, एकदा कात्री मिटली की तुकडा पडलाच पाहिजे. पतंगी कागद का नको, ते तिथेच कळलं. तो पातळ कागद पात्यांत दुमडतो आणि तीन वर्षांच्या जिवाला वाटतं आपल्यालाच येत नाही. पत्रिका ताठ राहते.

श्रावणात छत्री. वळणावर कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा. उजव्या हाताची मुलं घड्याळाच्या उलट दिशेनं कापतात, डावरी घड्याळाच्या दिशेनं. माझ्या लेकीच्या कागदावर तेवढा बाण उलटा काढून दिलात, आठवतंय? दसऱ्याला दुमडलेल्या कागदावर अर्धं पान आखून दिलंत. तेव्हा मात्र पत्रिका बाजूला ठेवून साधा घोटीव कागद घेतलात, कारण घडीत जाडी दुप्पट होते आणि हात दमतो. घडीच्या बाजूनं कापलेलं पान उघडलं की आपट्याच्या दोन पाकळ्या! दसरा चौकात सोनं लुटायला आम्ही गेलो तर खिशात तिची स्वतःची पानं होती.

दिवाळीच्या कंदिलाला सगळीकडे एकच घोळ होतो, मुलं दुमडलेला कागद कापत कापत कडेपर्यंत जातात आणि कागदाच्या पट्ट्या सुट्या होऊन पडतात. तुम्ही प्रत्येक रेषेच्या शेवटी, उघड्या कडेच्या दोन सेंटीमीटर अलीकडे, लाल टिकली चिकटवलीत. टिकली आली की थांबायचं. काप नेहमी घडीकडून, आणि कात्री पूर्ण मिटायची नाही, टोकं जुळायच्या आत पुन्हा उघडायची. मिटली की कागद टोकाशी फाटतो. आमच्या दारातला कंदील जरा वाकडा आहे. चार पट्ट्या रुंद, दोन बारीक. काढवत नाही अजून.

मोठी फी, चकचकीत वर्ग, सगळं बघून झालं होतं आमचं. लहान मुलाच्या समोर खाली बसावंसं वाटणं, ही माणुसकी फीच्या पावतीवर कुठे लिहिलेली नसते. तुमच्यासारख्या कितीजणी या गावात गल्लीबोळातल्या खोल्यांतून हेच करत असतील, त्यांनाही माझा नमस्कार.

संक्रांतीला पतंग करणार असाल तर तिरप्या रेषा येतील ना? घरी लग्नपत्रिकांचा गठ्ठा साठलाय, शनिवारी आणून देते. पट्ट्या किती रुंद कापून आणू, तेवढं कळवा.

तुमची,
एका डावऱ्या मुलीची आई
शिवाजी पेठ, कोल्हापूर