गॅलागा विकण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. गॅलागा, म्हणजे नाणं टाकून खेळायचं तुझं ते जुनं व्हिडिओ गेमचं मशीन, विकायचं ठरवलंस हे वाचून चुटपुट लागली, पण कारण पटलं. ही मशीन झाकून ठेवली की आतून सुकत जातात. पडून राहण्यापेक्षा खेळणाऱ्याच्या हाती गेलेलं बरं. विकण्याआधी ते नवंकोरं करून घेऊ का, असं तू विचारलं आहेस. अजिबात नको. स्वच्छ पूस, मागची धूळ काढ आणि आहे तसंच विक.

कॅबिनेटच्या, म्हणजे मशीनच्या लाकडी खोक्याच्या, बाजूच्या चित्रावर ओरखडे आहेत, फायरच्या बटणाभोवतीचा रंग झिजलाय, हे तुला खुपतंय ना? जाणकार गिऱ्हाईक नेमकं तेच शोधत येतं. नवं छापलेलं चित्र कधीही चिकटवता येतं, १९८१ सालचं मूळ चित्र एकदा खरवडलं की गेलं. नाण्यांचं दार, त्याचं जुनं कुलूप, मागची सिरियल नंबरची पट्टी, आत ठेवलेलं मॅन्युअल आणि सर्किटचे नकाशे, यातलं काहीही निरुपयोगी समजून टाकू नकोस.

पडद्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण सौदा बहुतेक वेळा तिथेच अडतो. उभी करून बसवलेली ती १९ इंची पिक्चर ट्यूब, म्हणजे जुन्या टीव्हीसारखी काचेची नळी, आता नवी मिळत नाही. तिच्यावर दोन खुणा असू शकतात. एक म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी उमटलेली अक्षरं काचेच्या आतल्या थरात कायमची बसतात. मशीन बंद करून तिरक्या उजेडात बघ, स्कोअरच्या जागी पुसट सावली दिसेल. ती असेल तर तिचा फोटो काढ आणि तसं लिही. दुसरी खूण चित्राच्या वागण्यात दिसते. कडा वाकणं, चित्र थरथरणं, सुरुवातीला अंधूक दिसून हळूहळू उजळणं, हे सगळं बहुधा सुकलेल्या कपॅसिटरांमुळे, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागांमुळे, होतं. ते बदलता येतात, पण ते काम तू करू नकोस. ट्यूबच्या रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो टिकून राहू शकतो. तिथे हात घालायचं काम माहीतगाराचंच.

व्हिडिओ काढशील तो मशीन पूर्ण थंड असताना. आधी चालू करून, गरम करून, मग कॅमेरा लावला की जाणकाराला लगेच शंका येते. सुरुवातीला पडद्यावर कचरा दिसतो, मग रॅम आणि रॉम, म्हणजे आतल्या मेमरीच्या चिप, ठीक असल्याचं लिहून येतं, मग रेघांची जाळी येते. हा सगळा भाग व्हिडिओत न कापता राहू दे. त्यानंतर एक डाव खेळ आणि आवाज नीट ऐकू येऊ दे. बाकी सगळे आवाज येतात पण आपलं विमान फुटल्याचा धमाका येत नाही, असं असेल तर तेही सांग. तो धमाका नाम्को या खेळ बनवणाऱ्या कंपनीची एक वेगळी चिप काढते आणि तसल्या चिप आता कारखान्यात बनत नाहीत. सर्किटच्या बोर्डावर तीन झेड-८० प्रोसेसर आहेत, ते मात्र मिळून जातात. बोर्डाच्या कनेक्टरवर काळपट डाग असेल तर तोही फोटोत येऊ दे, या मशीनमध्ये तो बऱ्याचदा असतो. मशीन किती व्होल्टवर चालतं तेही आठवणीने लिही.

जाहिरात केलीस की दोन प्रकारची माणसं हमखास येतील. एक विचारेल, नुसता बोर्ड देता का, नुसता मॉनिटर देता का. सुटे भाग विकून कदाचित जास्त पैसे सुटतील, पण तसं करू नकोस. चाळीसहून जास्त वर्षं एकत्र राहिलेलं मशीन एकदा विखुरलं की पुन्हा जुळत नाही. दुसऱ्याला ट्यूब काढून सपाट पडदा बसवायचा असेल आणि आत शेकडो खेळांचा एकच बोर्ड घालायचा असेल. तसा बोर्ड बहुधा जामाच्या, म्हणजे अशा मशीनच्या वायरिंगच्या एका ठरावीक पद्धतीच्या, जोडणीचा असतो. ती पद्धत आली १९८५ साली, म्हणजे या मशीनच्या नंतर, त्यामुळे तो माणूस मूळ वायरिंगच तोडणार. त्याला गोड शब्दांत नाही म्हण. गॅलागाचे ते लुकलुकणारे रंगीत तारे ट्यूबच्या काळोखातच तसे दिसतात. बहुतेक सपाट पडद्यांवरचा काळा थोडा राखाडीच असतो आणि ताऱ्यांची धार जाते.

माझं ऐकशील तर किमतीची बोलणी करण्याआधी समोरच्याला खेळू दे. जो पहिल्या काही मिनिटांतच आपलं एक विमान शत्रूला मुद्दाम पकडू देतो आणि मग सोडवून दोन विमानं जोडून घेतो, त्याच्याशी थोडी घासाघीस सोसली तरी चालेल. तो मशीन जपेल.

विसार घेतल्याशिवाय कुणासाठी अडवून ठेवू नकोस. नेताना मशीन उभंच न्यायचं, पट्ट्यांनी घट्ट बांधायचं, मागचं दार बंद करायचं आणि आतले बोर्ड हलत नाहीत ना ते बघायचं. वजन शंभर किलोच्या आसपास आहे, एकट्यादुकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका. किल्ल्या मशीनच्या आत ठेवून दार लावून टाकतात लोक, तेवढं सांभाळ. त्या गिऱ्हाइकाच्या हातातच दे.

फोटो काढलेस की जाहिरात करण्याआधी मला पाठव, विशेषतः बोर्डाचे दोन्ही बाजूंनी आणि कॅबिनेटच्या तळाचे. तळाची लाकडी फळी पाण्याने फुगलेली आहे का, ते मला बघायचंय. त्यानंतर आपण दोघं बसून मजकूर लिहू.

तुझा मित्र