शिडी आहे, पाणी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळण बंधाऱ्यावरील (नदीचे पाणी कालव्यात वळवणाऱ्या बंधाऱ्यावरील) मत्स्यमार्गाच्या, म्हणजे माशांना बंधारा चढून जाता यावा म्हणून बांधलेल्या टाक्याटाक्यांच्या शिडीच्या, सुधारणेस मंजुरी मिळाल्याचे कालच्या अंकात वाचले. शिडीची लांबी, खर्च आणि उद्घाटनाची संभाव्य तारीख असे सारे त्या बातमीत होते. शिडीचे तोंड नदीत नेमके कोठे उघडणार, एवढेच तेवढे नव्हते.

अशी एक ‘पूर्ण झालेली’ शिडी मी जवळून पाहिली आहे. पहिल्या पुराचे गढूळ पाणी आले होते, डाव्या तीराच्या दरवाजांतून ते कोसळत होते आणि चढणीचे मासे त्या फेसातून उसळून पुन्हापुन्हा काँक्रीटवर आपटत होते. शिडी मात्र उजव्या तीरावर, बंधाऱ्यापासून बरीच खाली उघडत होती; तिच्यातून बोटभर धार येत होती आणि वरच्या खाचेत (एका टाकीतून दुसरीत पाणी उतरते त्या फटीत) एक ओंडका व त्याला गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. तेथील साहेबांना विचारले, तर म्हणाले, “मासे शोधतात हो वाट, त्यांना उपजत कळतं.” कळतेच! जेथे पाण्याचा जोर तेथे वाट, हे कळत होते म्हणूनच ते बिचारे दरवाजांखाली डोके फोडून घेत होते. पुढे लेखी अर्ज केला, त्यावर ‘काम मंजूर आराखड्यानुसार पूर्ण’ असे एका ओळीचे उत्तर आले.

शिडीचे तोंड मासे जमतात तेथेच, म्हणजे बंधाऱ्याला लागून असावे आणि माशांना ओढून घेण्याइतके पाणी तिच्यातून सतत वाहावे, हे काही गूढ शास्त्र नव्हे. दुसरे असे की, शिडीच्या दोन टाक्यांमधील पातळीत ३० सेंटिमीटरचा फरक ठेवला, तर खाचेतील पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर होतो. १५ सेंटिमीटर ठेवला, तर तो १.७ मीटरवर येतो. पहिला आकडा सॅमनसारख्या दणकट माशाला पेलतो, लहान माशांना नाही. (बातमीसोबत आपण छापलेले धबधब्यावर झेपावणारे छायाचित्र त्या सॅमनचेच होते. आमच्या नदीत तो मासा कधी आला, हेही कृपया छापावे.) थायलंडमधील पाक मून धरणालाही शिडी होतीच, ती पुरी पडली नाही आणि २००१ मध्ये धरणाचे दरवाजेच उघडावे लागले.

आणि वर चढलेला मासा खाली कसा येणार, याविषयी तर कोणी अवाक्षर काढत नाही. कालव्याच्या मुखाशी जाळी नसली, की पिल्ले पाण्याबरोबर कालव्यात शिरतात आणि आवर्तन (कालव्यात पाणी सोडण्याची पाळी) बंद होताच डबक्यांत तडफडून मरतात. बंधारे आणि कालवे माशांच्या मुळावर येतात, हे मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७३ च्या अहवालात तत्कालीन ब्रिटिश सरकारला सांगून ठेवले होते. दीडशे वर्षांत निदान एक जाळी बसवण्याइतका वेळ मिळायला हरकत नव्हती. जाळी बसवलीच, तर तिच्यापाशी अडलेल्या पिल्लांना नदीत परत नेणारी बगलवाटही हवी, नाहीतर ती जाळीलाच चिकटून मरतील.

तेव्हा आपल्या वार्ताहरांनी एवढेच विचारून घ्यावे: चढणीच्या दिवसांत शिडीत पाणी सोडण्याची आणि तिच्यातील कचरा काढण्याची जबाबदारी नेमक्या कोणत्या पदाकडे राहणार आहे? त्या पदाचे नाव उद्घाटनाच्या बातमीआधी छापून आले, तर बरे होईल.

आपला,
एक नियमित वाचक