नाण्यावर राजा आहे, संत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येशूच्या बारा शिष्यांपैकी दोघे भारतात येऊन गेले, असे सांगणारा लेख दोन रविवारांपूर्वी आपल्या पुरवणीत वाचला. संत थोमा (थॉमस) वायव्य सरहद्दीवरून फिरत केरळात पोचले आणि संत बर्थलमय थेट आमच्या कल्याण बंदरात उतरले, असा त्याचा सूर होता. पुढच्याच आठवड्यात एका वाचकाने पत्र लिहून 'हे सगळे पोर्तुगीजांनी रचलेले थोतांड' असा निकाल लावून टाकला. मला बोचली ती मात्र लेखावरच्या नाण्याच्या चित्राखालची ओळ : 'संत थॉमस यांना भेटलेल्या राजाचे नाणे'. नाण्यांचा नाद मला नोकरीत होतो तेव्हापासून आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

त्या राजाचे एक नाणे मी एका प्रदर्शनात तळहातावर घेऊन पाहिले आहे. म्हणायला चांदीचे, पण तांबेच जास्त. एका बाजूला घोड्यावर बसलेला राजा, शेजारी त्याचे खास चिन्ह आणि कडेने ग्रीक अक्षरे, त्यातली निम्मी झिजलेली. उलटून पाहिले की उभी देवता आणि खरोष्ठी या जुन्या लिपीतला मजकूर. राजाचे नाव गोंदोफरेस. येशूचे किंवा थोमांचे नाव त्यावर कुठेही नाही, आणि असायचे कारणही नाही.

मग संबंध जोडला कसा गेला? तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, बहुधा एदेसा शहरात (आजच्या तुर्कस्तानात), सिरियाक भाषेत 'थोमाची कृत्ये' नावाची कथा लिहिली गेली. त्यात शिष्य चिठ्ठ्या टाकून देश वाटून घेतात. थोमांच्या वाट्याला भारत येतो आणि ते जायला साफ नकार देतात. तेव्हा येशू त्यांना हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकतो! सुतारकाम जाणणारे थोमा गुंदफर (म्हणजेच गोंदोफरेस) राजाकडे येतात, राजवाड्यासाठी मिळालेले पैसे गोरगरिबांत वाटून टाकतात आणि 'तुझा वाडा स्वर्गात बांधला आहे' असे राजाला सांगतात. कथा फार गोड आहे. पुढे तिच्यात गाढवाचे शिंगरूही बोलते.

हा राजा अनेक शतके केवळ त्या कथेतच होता. १८३०च्या दशकात चार्ल्स मॅसनने अफगाणिस्तानात ढिगांनी जुनी नाणी गोळा केली, त्यांत त्याची नाणी निघाली. पुढे आजच्या पाकिस्तानातल्या तख्त-इ-बाहीचा शिलालेख हाती आला. त्यात राजाचे २६वे राज्यवर्ष आणि एका संवताचे १०३वे वर्ष दिले आहे. विक्रम संवत धरला तर इ. स. ४६च्या आसपासचा काळ येतो, म्हणजे शिष्यांच्या हयातीतला. (तोच संवत धरायचा का, यावर वाद आहे. शिवाय गोंदोफरेस हे नाव नाण्यांवर एकाहून अधिक राजांनी मिरवले आहे.) राजा खरा निघाला हे उत्तमच झाले. पण त्यामुळे भेट खरी ठरत नाही. वगनाट्यात औरंगजेब येतो. औरंगजेब होऊन गेला, म्हणून वगातला प्रसंग घडला असे आपण म्हणतो का? एदेसा व्यापारी वाटेवरचे शहर होते, पूर्वेकडच्या राजाचे नाव तिथल्या लेखकाच्या कानी पडणे अवघड नव्हते. त्याच तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताचा हवाला देऊन चर्चचा प्राचीन इतिहासकार युसेबियस तर थोमांच्या वाट्याला भारत नव्हे, पार्थिया (प्राचीन इराण) आल्याचे सांगतो.

केरळच्या बाबतीत लेखक म्हणतात की रोमन जहाजे तिथल्या मुझिरिस बंदराला येत होती. अगदी खरे. हर्मापोलॉन नावाच्या जहाजातून आलेल्या मालाचा हिशेब असलेला दुसऱ्या शतकातला पपायरस आजही व्हिएन्नात आहे. पण लेखात पहिल्या परिच्छेदात 'येऊ शकत होते', तिसऱ्यात 'आले असावेत' आणि सातव्यात 'आले तेव्हा' असे होत जाते, आणि मधल्या वाटेवर नवा पुरावा एकही नाही. थोमा केरळात आल्याचे इ. स. ५२ हे सालही कुठल्या प्राचीन लेखनात सापडत नाही, ते परंपरेने दिलेले आहे. केरळातल्या ख्रिस्ती समाजाचे प्राचीनत्व मात्र त्या सालावर अवलंबून नाही. सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मस मलबारातल्या ख्रिस्ती लोकांची नोंद करतो, आणि कोल्लमच्या चर्चला दिलेले ८४९चे ताम्रपट आहेतच.

आता आमचे कल्याण. मी कल्याणकर, बर्थलमय इथे उतरले असते तर मीच पहिला मिरवले असते. युसेबियस लिहितो की अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक पँतेनस 'इंडिया'त गेला, तेव्हा बर्थलमयांनी ठेवलेले मत्तयाचे शुभवर्तमान त्याला तिथे दिसले. त्या काळी अरबस्तानाच्या दक्षिण टोकालाही आणि इथिओपियालाही सर्रास 'इंडिया' म्हणत. युसेबियसने कल्याणचे नाव घेतलेले नाही. ते येते कॉस्मसकडे : कल्लियानात (म्हणजे कल्याणात) पर्शियातून नेमलेला बिशप असतो. म्हणजे पाचशे वर्षांनंतर. दुसऱ्या एका कथेत बर्थलमयांच्या काळचा राजा पोलिमिअस आहे, तर त्याला ओढून ताणून सातवाहन राजा पुळुमावी केले गेले. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखातला वासिष्ठीपुत्र पुळुमावी दुसऱ्या शतकातला. शिष्य तोवर हयात कसे राहणार?

पत्रलेखकांचे 'थोतांड'ही टिकत नाही. वास्को द गामा १४९८ साली आला. थोमांच्या अस्थी भारतातून एदेसाला आणल्याचे सिरियाक कवी संत एफ्रेम चौथ्या शतकात गातो, फ्रान्समधल्या तूरचा बिशप ग्रेगरी सहाव्या शतकात भारतातल्या समाधिस्थानाचा उल्लेख करतो, आणि मार्को पोलो तेराव्या शतकाच्या शेवटी पूर्व किनाऱ्यावरची समाधी सांगतो. पोर्तुगीजांना ही परंपरा आयती मिळाली. त्यांनी भर जरूर घातली. १५४७ साली मद्रासजवळच्या टेकडीवर खोदताना जुना क्रूस निघाला तो त्यांनी थोमांचाच मानला, पण त्यावरची अक्षरे पहलवी, म्हणजे इराणी वळणाची आहेत.

आपल्याकडे हा हिशेब नवा नाही. शिवजन्माचे साल बखरींच्या भरवशावर १६२७ मानले जात होते. जेधे शकावली, म्हणजे सालवार घटनांची जुनी टिपणे, पुढे आली, १९१६ साली टिळकांनी ती प्रसिद्ध केली, आणि पुढे वादावादी होऊन १६३० मान्य झाले. म्हणून बखरी कोणी जाळल्या नाहीत. फक्त बखरीला बखरीची आणि शकावलीला शकावलीची जागा मिळाली. थोमांची कथा ही बखर आहे, आणि ज्यांची ती श्रद्धा आहे त्यांनी माझ्या नाण्यांच्या डबीकडे बघायची काहीच गरज नाही. वर्तमानपत्राने चित्राखाली ओळ छापताना मात्र बघावे.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी : 'गोंदोफरेस, इंडो-पार्थियन राजा, याचे नाणे.' जागा उरलीच तर नाण्याची मागची बाजूही छापा, ती पुढच्यापेक्षा देखणी आहे.

आपला,
एक नाणेसंग्राहक,
कल्याण (पश्चिम)